वसतिगृहाचा बंब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलल्याप्रमाणेच, थोडे सावरून दिले आहे.)

व्यासपीठावरचे माझे गुरुजन, आणि समोर बसलेले १९८० च्या दहावीचे सगळे पोट्टे आणि पोट्ट्या. साठी उलटलेल्या माणसांना पोट्टे म्हटल्याबद्दल बाहेरगावाहून आलेल्या सुनांनी आणि जावयांनी माफ करावं. अकोल्यात येऊन दुसरा शब्द तोंडात येत नाही.

संयोजकांनी मला विषय दिला ‘माझी बॉयलरमधली नोकरी’. मी म्हटलं, अरे, अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे लोकांना आणखी आगीच्या गोष्टी काय सांगायच्या? पण मग आठवलं की माझं बॉयलरचं पहिलं शिक्षण कुठल्या कारखान्यात झालेलं नाही. ते इथेच, आपल्या वसतिगृहाच्या मागच्या पडवीत झालं. आपल्या बंबापाशी. तेव्हा बंबावरच बोलतो. आणि त्याच्याबरोबर एक गोष्ट सांगायची आहे, जी मी सत्तेचाळीस वर्षं सांगितलेली नाही. ती मध्ये येईल.

शाळेत रोज घरून येणाऱ्यांना बंबाचं महत्त्व कळायचं नाही. तुमच्या घरी आई पाणी तापवून ठेवायची. आम्ही साठ पोरं वसतिगृहात. कोणी दर्यापूरकडचा, कोणी बाळापूरचा, दोघं-तिघं पार धारणीकडून आलेले. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरायची. उन्हाळ्यात तापणारी हीच आपली काळी जमीन हिवाळ्याच्या रात्री झटक्यात गार पडते, तुम्हाला ठाऊक आहे. आणि साठ जणांत गरम पाणी देणारा बंब एक. सकाळी साडेचारपासून बादल्यांची रांग. ज्याची बादली पुढे, तो राजा.

आता नातवंडांपैकी कोणी हे वाचणार असेल तर बंब म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या नातवाला मी बंब म्हटलं तर तो अग्निशमन दलाचा समजला. तांब्याचा उभा गोल पिंप. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक नळा. नळ्याच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. नळ्यात वरून ढलपे, कोळसे, शेणाच्या गोवऱ्या, पऱ्हाटीचे तुकडे टाकायचे आणि खालून पेटवायचं. नळ्याभोवती पाणी. म्हणजे आग मध्ये आणि पाणी तिच्या चहूबाजूंनी. वर एका बाजूला नरसाळं, त्यातून थंड पाणी ओतलं की ते थेट बुडाशी जातं, आणि जेवढं थंड आत गेलं तेवढं गरम वरच्या तोटीतून बाहेर. एक बादली द्या, एक बादली घ्या. थंड पाणी जड म्हणून खाली राहतं, गरम हलकं म्हणून वर चढतं, एवढ्या एका गोष्टीवर सगळी रचना. तो ज्या तांबटानं पहिल्यांदा घडवला त्याला भौतिकशास्त्र कोणी शिकवलं नसेल, पण आपल्या सरांनी नववीत अभिसरण शिकवलं तेव्हा मला फळ्यावरची आकृती बघायची गरज पडली नाही.

ह्या बंबाचे धनी होते आमचे मामा. वसतिगृहाचे शिपाई. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, सरसुद्धा. खाकी अर्धी चड्डी, वरती जुना स्वेटर, कानाला मफलर. रात्री तीनला उठायचे. मी चोरून त्यांच्यापाशी जाऊन बसायचो, अभ्यासाचं पुस्तक घेऊन, कारण बंबाजवळ ऊब असायची. अभ्यास थोडा, बंबच जास्त.

मामांचा पहिला नियम, वलं लाकूड बंबात जाणार नाही. एकदा मी घाईनं आरागिरणीतून नुकतेच आलेले ओले ढलपे टाकले. मामांनी हात धरला. म्हणाले, “काऊन बे, येवढी घाई कायची हाय? वलं लाकूड पयले सोताचं पाणी आटवते, मंग तुयं पाणी तापवते.”

पुढे पॉलिटेक्निकला गेलो, इंधनावर धडा होता. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी वाफ होऊन जाईपर्यंत लाकडाची उष्णता तिथेच खर्च होते. चांगल्या वाळलेल्या एका किलो लाकडातून साधारण चार युनिट उष्णता मिळते, वीज मोजतो तेच युनिट. ओल्यातून जेमतेम दोन. बाकी धूर, काजळी आणि डोळ्यांतून पाणी. मी परीक्षेत हे उत्तर लिहिलं तेव्हा मामांचं एकच वाक्य शुद्ध मराठीत उतरवलं होतं. पूर्ण गुण मिळाले.

मामांचा दुसरा नियम लाकडाच्या जातीचा. बाभूळ आणि हिवर हे सोनं. जड, सावकाश जळणारं, निखारा टिकवणारं. तुराट्या आणि पऱ्हाट्या फक्त पेटवायला, भरकन् पेटतात आणि भरकन् विझतात. सालईचं लाकूड आलं तर ते नाक मुरडायचे, धुरानं पडवी भरते म्हणून. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आपल्या आयांना हे सगळं माहीत होतं, त्यात नवल नाही. नवल हे की मामा ते मोजायचे. रोज किती ढलपे गेले, किती बादल्या निघाल्या, कोठीच्या दारावर कोळशानं रेघा. महिनाअखेरीस रेक्टर सरांना हिशेब.

मी पुढे एकदा रिकामपणी तो हिशेब मांडला. साठ पोरं, प्रत्येकी पंधरा लिटर, म्हणजे नऊशे लिटर पाणी. ते तीस अंशांनी तापवायचं तर एकतीस-बत्तीस युनिट उष्णता लागते. कागदावर आठ किलो वाळलेलं लाकूड पुरेल. पण बंबाच्या उघड्या नळ्यातून निम्म्याहून जास्त आच सरळ वर आभाळात जाते. मी तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो असं धरलं, तर चोवीस किलो येतं. मामांच्या रेघांचा माझ्या आठवणीतला हिशेब ह्याच्या आसपासचाच आहे.

तिसरी गोष्ट खारं पाणी. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, सगळा पूर्णेच्या काठचा खारपाण पट्टा, आणि आमच्या वसतिगृहाची विहीरही तसलीच. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. बंबात आतून पांढरा दगडी थर चढायचा. मामा दिवाळीच्या सुट्टीत चिंचेचं पाणी करून बंबात भरायचे, रात्रभर ठेवायचे आणि सकाळी पांढरा गाळ तोटीतून काढायचे. पुढे नोकरीत मी आम्ल वापरून बॉयलरच्या नळ्या धुतल्या. पद्धत तीच, चिंचेऐवजी कंपनीचा कॅन.

आता ती गोष्ट.

१९७८ चा डिसेंबर. आम्ही नववीत. सहामाही आटोपली होती. तीन दिवस आभाळ आलेलं, बारीक अवकाळी पाऊस आणि पश्चिमेचं झोंबरं वारं. वऱ्हाडात असा हिवाळा एखाद्या वर्षी येतो, तेव्हा वेचणीचा कापूस ओला होतो आणि घरोघरी तोंडं उतरतात. आमच्या न्हाणीघराला दार होतं, पण वर एक चौकोनी झरोका होता, काचेशिवाय. अंगावर पाणी घेतलं की त्या झरोक्यातून वारा सुरीसारखा लागायचा.

माझ्या डोक्यातून कल्पना निघाली. मामा पाणी भरायला विहिरीवर गेले, तेवढ्यात मी बंबाच्या जाळीखालचे निखारे पावड्यानं घमेल्यात काढले. लालभडक, बाभळीचे. घमेलं न्हाणीघरात नेऊन ठेवलं आणि झरोक्याला तुरीचं रिकामं पोतं दाबून बसवलं. दार लावलं की आत कशी खोली गरम होते बघ, असं मी माझ्या खोलीतल्या मित्राला म्हणालो. तो म्हणाला, मी पहिला जातो. मी बाहेर मामांवर नजर ठेवायला उभा राहिलो.

पाण्याचा आवाज आला, मग थांबला. मला वाटलं, गरमीत बसला आहे लेकाचा, उठत नाही. मी दार वाजवलं. उत्तर नाही. हसलो. पुन्हा वाजवलं. इतक्यात मामा दोन बादल्या घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घमेलं जागेवर नाही हे पाहिलं, बादल्या तिथेच टाकल्या आणि दाराला लाथ घातली. कडी तुटली. मित्र भिंतीला टेकून बसलेला, मान खाली. मामांनी त्याला बगलेत धरून ओढत अंगणात आणलं, पावसात, उघड्यावर. गालावर चापट्या मारल्या. बऱ्याच वेळानं त्याला वांती झाली आणि तो रडायला लागला. रडला म्हणून आम्ही वाचलो असं मला वाटलं.

तेव्हा मला काही कळत नव्हतं. धूर तर नव्हता. वास नव्हता. निखारे किती स्वच्छ दिसत होते! हेच त्याचं विष आहे. लाकडातला जो भाग ज्वाळा होऊन जळतो तो जळून गेलेला असतो, मागे राहतो तो कोळसा. कोळशाला हवा पुरली नाही की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला धरतं त्याच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट ह्या वायूला धरतं. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. डोकं जड होतं, पाय लुळे पडतात, झोप येते. दार उघडायला उठावं हे कळतं तेव्हा उठवत नाही. आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती तर आज मी ह्या माइकसमोर उभा राहू शकलो नसतो, आणि तो समोरच्या तिसऱ्या रांगेत बसलेला नसता. नाव घेत नाही. तो हसतो आहे. त्याला पुढचं माहीत नाही.

दुपारी चौकशी झाली. निखारे आत कोणी नेले? मी चौदा वर्षांचा होतो आणि माझ्या वडिलांनी त्या वर्षी कर्ज काढून माझी फी भरली होती. वसतिगृहातून काढलं तर मला घरी परत जाऊन डवरा धरावा लागणार होता. मी म्हणालो, मामांनीच दिले, थंडी फार होती म्हणून. मित्राला त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. त्यानं होकारार्थी मान हलवली, कारण मी म्हणत होतो.

मामांना बोलावलं. मी दाराआड उभा होतो. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की मी नाही दिले. म्हणाले, “बंब माया जिम्म्यात हाय सायब.” बस, एवढंच. जानेवारीत संक्रांतीच्या आधी ते गेले. त्यांच्या जागी दुसरा माणूस आला, जो ओले ढलपे घालायचा. त्या वर्षी पडवी धुरानं काळी झाली ती तुम्हाला आठवत असेल. कारण आज कळलं.

सर, तुम्ही समोर आहात. तुम्ही जो निर्णय घेतला तो तुम्हाला मिळालेल्या साक्षीवर घेतला. साक्ष खोटी होती. ती माझी होती.

(टाळ्या वाजवू नका. थांबा. अजून बोलायचं आहे.)

मी डिप्लोमा अमरावतीला केला आणि जिनिंग-प्रेसिंग आणि सरकीच्या तेलाच्या कारखान्यांत बॉयलरवर नोकरी केली. आपल्या वऱ्हाडात ह्या बॉयलरना इतिहास आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे अकोल्यावरून गेली. मग अकोला, खामगाव, अमरावतीला वाफेवर चालणाऱ्या जिनिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणाऱ्या आपल्या शकुंतलेचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला बनलेलं, ते १९९४ पर्यंत धावलं. मी दिवाळीत गावी जाताना मुद्दाम इंजिनाजवळच्या डब्यात बसायचो.

बॉयलरच्या परीक्षेसाठी १९२३ चा बॉयलर कायदा पाठ करावा लागायचा. आता २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. कायद्याच्या नजरेत बंब हा बॉयलरच नाही, कारण तो उघडा आहे, वाफ कोंडून ठेवत नाही. बंद भांड्यात एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे लिटर जागा हवी असते. ती मिळाली नाही की भांडं फुटतं. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणून पाण्याची पातळी दाखवणारी काच, म्हणून पाणी खाली गेल्यावर वितळून आग विझवणारी शिशाची गुडदी, म्हणून दरवर्षी तपासणी. नोकरीत मी काचेकडे बघायला कधी विसरलो नाही. पण माझ्या हातून माणूस जाता जाता वाचला तो ह्या सगळ्यातल्या कशानंच नाही, एका घमेल्यानं आणि पोत्यानं. म्हणून माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिल्या दिवशी व्हॉल्व्ह दाखवायच्या आधी बॉयलर-हाऊसच्या खिडक्या दाखवायचो.

तीन वर्षांपूर्वी मुलीकडे जर्मनीला गेलो. ती आणि जावई फ्रायबुर्गजवळच्या एका खेड्यात राहतात. काळ्या जंगलाचा भाग, चहूकडे स्प्रूस आणि बीचची झाडं. घरमालक म्हातारा, खालच्या मजल्यावर. सगळं घर तो लाकडावर तापवतो. मला हे कळलं त्या दिवसापासून मी त्याच्या तळघरातच मुक्काम ठोकला. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही मला भेटायला आलात की बॉयलरला?

तिथं मी बंबाचा शिकलेला भाऊ पाहिला. आपल्याकडे ज्वाळा वर जाते, त्याच्याकडे ती खाली ओढली जाते. वरच्या कोठीत अर्धा मीटर लांबीचे फोडलेले ओंडके भरायचे. लाकूड तापलं की त्याच्या वजनाच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वायू होऊन निघतो. पंखा तो वायू एका चिनीमातीसारख्या भट्टीच्या विटेतल्या फटीतून खाली ओढतो, तिथे त्याला नव्यानं हवा मिळते, आणि तो हजार अंशांच्या आसपास धपधपत जळतो. खालच्या झरोक्यातून बघितलं तर वेल्डिंगची ज्योत वाटेल. मग तो गरम वायू पाण्यातल्या नळ्यांतून फिरतो आणि चिमणीत जाईपर्यंत दीडशे अंशांवर आलेला असतो. लाकडातली नव्वद टक्के उष्णता पाण्यात. आपल्या बंबाचा तिसरा हिस्सा आठवा.

पण गंमत पुढे आहे. लाकडाची आग गॅससारखी चावी फिरवून मंद करता येत नाही. मंद केली की ती धूर आणि डांबर ओकते. म्हणून हा म्हातारा ती पूर्ण जोरात जाळतो आणि उष्णता साठवतो. बाजूला दोन हजार लिटरची टाकी, जाड रजईत गुंडाळलेली. तिकडे नियमच आहे की बॉयलरच्या दर किलोवॅटला किमान पंचावन्न लिटर साठा हवा. त्याचा पंचवीस किलोवॅटचा. एका भरण्याला वीस किलो लाकूड, तीन तास आग, आणि दोन हजार लिटर पाणी तीस अंशांनी वर. मग रात्रभर घर त्या टाकीवर. फार थंडीत दोन भरणी. परत येणारं पाणी साठ अंशांच्या खाली बॉयलरमध्ये जाऊ द्यायचं नाही म्हणून एक मिसळणारा व्हॉल्व्ह, नाहीतर धुरातली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन आम्ल बनते आणि पत्रा खाते.

आणि लाकूड! घराच्या दक्षिण भिंतीला पाऊस लागणार नाही पण वारा लागेल असं रचलेलं, दोन उन्हाळे वाळवलेलं. दोन खिळ्यांचं एक यंत्र तो ओंडक्यात खुपसून ओल मोजतो. वीस टक्क्यांच्या वर आकडा आला की ओंडका परत. मला मामांची फार आठवण झाली. मामा दोन ढलपे एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचे, खणखणीत आला तर वाळलेलं, बद्द आला तर परत उन्हात. मी म्हाताऱ्याला करून दाखवलं. त्यानं यंत्र लावलं. आम्हा दोघांचं जमलं. भाषा येत नव्हती, तरी रोज सकाळी तो दार वाजवायचा.

त्या तळघरात भिंतीला एक चौकोनी भोक होतं, बाहेर उघडणारं, जाळी लावलेलं. डिसेंबरात त्यातून बर्फासारखा वारा येत होता. मी खुणेनं विचारलं, हे बंद का करत नाही? तो एकदम गंभीर झाला. बोट हलवलं, नाही, नाही. मग मला वरच्या जिन्यात नेऊन भिंतीवरचं पांढरं डबडं दाखवलं, कार्बन मोनॉक्साइड झाला की किंचाळणारं. तिकडे चिमणी तपासायला सरकारी परवान्याचा माणूस येतो, काळ्या कपड्यांत, आणि हे भोक उघडं आहे का हेही बघून जातो.

आमच्या न्हाणीघरातला झरोका एवढाच होता. मी जिन्यात बसलो. मुलीला वाटलं चक्कर आली.

मामांना मी त्याआधीच शोधलं होतं. १९९३ ची गोष्ट. मूर्तिजापूर स्टेशनबाहेर चहाच्या हॉटेलात भट्टीवर बसलेले दिसले. केस पांढरे, मफलर तोच वाटला. मी पाया पडलो, ओळख सांगितली, आणि जे बोलायचं होतं ते बोललो. ते भट्टीत लाकूड सारत होते. म्हणाले, “मले मालूम व्हतं ना.” मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं आता शिव्या घालतील, बरं होईल. पण त्यांनी विचारलं ते भलतंच. “पन खिडकीले पोतं काऊन लावलं बे?”

मी म्हटलं, वारा येत होता मामा.

“वारा येऊ द्याचा असते ना बाप्पा.”

चहाचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या वेळी गेलो तेव्हा हॉटेल होतं, ते नव्हते.

आता मुद्द्याचं. आपल्या बॅचनं वसतिगृहाच्या गरम पाण्यासाठी निधी जमवला आहे. माझ्या जर्मनीच्या गप्पा ऐकून दोघा-तिघांनी फोन केला, तसलाच लाकडाचा बॉयलर आणू, तुझ्या हातानं बसव. मोह होतो, खोटं कशाला बोलू. पण नको. तिकडे सहा महिने घर तापवायचं असतं आणि डिसेंबरात सूर्य दिसत नाही. आपल्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी हजार लिटर कोमट पाणी हवं आहे, आणि त्या चार महिन्यांत अकोल्याचं आभाळ बहुतेक दिवस निरभ्र असतं. गच्चीवर वीस चौरस मीटर सोलर पुरतं. फक्त विक्रेता काचेच्या नळ्यांचं स्वस्त यंत्र गळ्यात मारेल ते घेऊ नका. आपलं खारं पाणी थेट नळ्यांत गेलं तर दोन-तीन वर्षांत दगड होईल. आत वेगळं शुद्ध पाणी फिरणारं आणि उष्णता अदलाबदल करणारं घ्या. महाग आहे. घ्या.

आणि आभाळ येईल त्या आठ-दहा दिवसांसाठी लाकूड असू द्या. लाकूड तोडायचं नाही. मेळघाटातून डोक्यावर मोळी आणणाऱ्या बाईचं लाकूड तर नकोच. आपल्या शेतांत कापूस उलंगला की पऱ्हाट्या उभ्या राहतात, गुलाबी बोंडअळीसाठी त्या काढाव्याच लागतात, आणि बरेच जण बांधावर जाळून टाकतात. पऱ्हाटीचे दाबलेले ठोकळे आता मिळतात, निखाराही बरा धरतात. माझ्या शेतातली एक ट्रॉली दरवर्षी मी देईन, हे स्मरणिकेत छापलंत तरी चालेल, म्हणजे मला पुढे फिरता येणार नाही.

ती जळेल बाहेर, पडवीत. आत काहीही जळणार नाही. आणि हे फक्त वसतिगृहाचं नाही. आपल्यापैकी कितीजणांच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे? हात वर करा. बरेच आहेत. खिडकीला काच लावून घेतली आहे ना, थंडी लागते म्हणून? तो गीझरही हवा संपली की तेच करतो जे माझ्या घमेल्यानं केलं. आज घरी गेल्यावर ती काच काढा, आणि सवड काढून गीझरच बाहेरच्या बाल्कनीत हलवा. बायको ओरडेल, ओरडू द्या.

बंब सापडला आहे. काल मी लवकर येऊन कोठी उघडायला लावली. मोडक्या बाकांखाली आडवा पडला होता. बुडाला दोन ठिकाणी झाळ गेली आहे, जाळी गंजून गेली, नरसाळं नाही, पण नळा शाबूत आहे. तांबटाला दाखवला, तो म्हणतो होऊन जाईल. कोठीच्या दाराला आतून रंग दिलेला नाही, कोळशाच्या रेघा अजून आहेत. पुष्कळ पुसल्या, पण खालच्या फळीवरच्या मोजता येतात.

जेवणानंतर ज्यांना बघायचं आहे त्यांनी मागच्या अंगणात या. किल्ली माझ्याकडे आहे. आत दिवा नाही, मोबाइलचा लागेल. आणि तिसऱ्या रांगेतल्या माझ्या मित्रा, तू आधी ये. तुझ्याशी बोलायचं आहे, माइकशिवाय.